टाळ्या पडल्या की ठरलं

लग्न ठरणे म्हणजे दोन घरांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय दोन व्यक्तींना यथावकाश कळवणे. या परंपरेने आजवर असंख्य माणसांना विचार करण्याच्या त्रासातून सोडवले आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करायला हवे. अंगठी ही त्या निर्णयाची पोचपावती. ती घालताना उपस्थितांपैकी शेकडा नव्वद जणांना दिसत नाही; उरलेले दहा फोनमधून बघतात. म्हणून टाळ्या पडल्या की लग्न ठरले, असे धरून चालतात (आणि ते सोयीचे पडते).

परवाच्या समारंभातली मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मुलगा विम्याच्या कचेरीत आहे. मुलीला सकाळपासून काहीतरी सांगायचे होते. आई म्हणाली, "आधी केस विंचर." मोठे काका म्हणाले, "पाहुणे जाऊ देत, मग निवांत बोलू."

ऐन वेळी फोटोग्राफरने कॅमेरा स्टँडवर लावला, मुलीचा हात उजेडात यावा म्हणून स्वतः धरला आणि फर्मावले, "सगळ्यांनी इकडे बघा." मुलगा आज्ञाधारक. त्याने कॅमेऱ्याकडे बघत फोटोग्राफरच्या बोटात अंगठी घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

अंगठी काही निघेना. साबण झाला, तेल झाले. तोवर मुलाच्या मावशींनी फोटोग्राफरला स्वयंपाक येतो का, हेही विचारून घेतले होते. (येतो. मावशींचे समाधान झाले.)

"मग माझं अजून ठरलेलं नाही ना?" मुलीने आशेने विचारले.

"तुझं केव्हाच ठरलंय," काका म्हणाले. "हाताचं तेवढं अडलंय."

तोडगाही काकांनीच काढला. फोटोग्राफरला मुलीच्या पाठीमागे उभे केले, तिच्या खांद्यावरची शाल त्याच्या कोपरापर्यंत ओढली आणि तिच्या हाताच्या जागी त्याचा हात पुढे आणला. जरा केसाळ होता, पण लांबून खपून जात होता. मुलीचे दोन्ही हात मोकळे राहिले. त्यांच्यावाचून काही अडत नाही, हे त्या दिवशी सर्वांसमक्ष सिद्ध झाले.

मुलगा पुन्हा कॅमेऱ्याकडे बघून हसला. तेवढ्यात मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आता कुणीतरी तिला काही विचारेल की काय, या विचाराने मी खरोखर घाबरलो. पण दुसऱ्या रांगेत तुम्ही होतात. तुम्हाला तिचे शब्द नीट ऐकू आले होते. म्हणून तर हातातली ताटली मांडीवर ठेवून तुम्ही सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागलात.