बोगादीतला समुद्र

अद्वैत आणि तारा,

तुमच्या आईने काल फोनवर सांगितलं, की वाढदिवसाला तुम्ही दोघांनी मिळून खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी मागितली आहे, आणि ती तुम्हाला मिळणार आहे. म्हणून आजच हे लिहायला बसले. बाबूआजोबांबद्दल तुम्हाला सांगायचं माझ्या मनात केव्हापासून होतं, पण आता त्यात तुमच्या माशांच्या जिवाचा प्रश्न आहे. टाकी घरात यायच्या आत हे वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

बाबूआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. माझे भाऊजी. म्हैसूरजवळ बोगादीला आमच्या शेजारच्याच घरात राहतात. या माणसाला पाणी दिसलं की तो ते चाखतो. तहानेचा काही संबंध नाही. कुणाकडे पहिल्यांदा गेले, तर दिलेल्या पेल्यातला घोट जिभेवर फिरवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "बोअरचं. स्वल्प कावेरी मिसळली आहे. वरची टाकी धुऊन वर्ष झालं, अल्वा?" यजमानीणबाई लाजेने लाल होतात. 'अल्वा' म्हणजे 'हो की नाही'. भाऊजींच्या प्रत्येक वाक्याला हे कानडी शेपूट असतं. एकदा टी. नरसीपूरच्या संगमावर हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, एका ओंजळीने कावेरी चाखली, दुसऱ्या ओंजळीने कबिनी, आणि काठावरच्या भटजींना म्हणाले, "तुमचा संगम इथे नाही, स्वामी. दहा पावलं पलीकडे आहे. स्वल्प सरका." भटजी सरकले नाहीत.

यात त्यांचा दोष नाही. आपलं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचं आणि त्यावर ठसे उठवायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तुमचे आजोबा त्यातून निघून नोकरीला लागले. भाऊजी नंजनगूडच्या एका कापड गिरणीत रंगमास्तर झाले आणि निवृत्त होईपर्यंत रोज बसने जात राहिले. त्यांच्या हातांची नखं अजूनही निळसर आहेत. मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मी पाणी मोजते, ते चाखतात. "पाण्याचं मला सांगू नका, वैनी," हे वाक्य मी या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे.

आता इंदूआजी. माझी जाऊ ठसेकामवाल्यांच्या घरातली. चेष्टेखोर, सतत बोलणारी. तिला अर्धांगाचा झटका आला, हे तुम्हाला माहीत आहे. पाय सावरला, हात बराचसा सावरला, पण बोलणं परत येईना. डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, त्यांना बाहेर पडायला निमित्त हवं. आम्ही सगळ्यांनी निमित्तं शोधली. मी जुने फोटो दाखवले. भाऊजींनी मुद्दाम आमटीत मीठ टाकलं नाही. इंदू मुकाट्याने जेवली.

व्यायामासाठी तिला नेत असत त्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीत, समुद्री माशांची एक टाकी होती. एक दिवस त्या टाकीतला एक नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे, इंदूसमोर येऊन थांबला. इंदूने बोट उचललं आणि म्हणाली, "केशरी."

भाऊजी तिला रिक्षातून घरी घेऊन आले ते थेट आमच्या दारात. "वैनी, बोलली! रंग बोलली! नारिंगी नाही म्हणाली, केशरी म्हणाली. बरोब्बर छटा!" आणि त्याच पावली त्यांनी ठरवून टाकलं, की घरात टाकी आणायची.

मी सुचवलं, नवशिक्याने गोड्या पाण्यातले मासे आणावेत. सोपे असतात, चिवट असतात. भाऊजींनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "गोड्या पाण्यातला रंग कच्चा, वैनी. मिठाशिवाय रंग धरत नाही. कापड काय आणि मासा काय."

असा बोगादीत समुद्र आला.

पहिल्या दिवशी त्यांनी बाजारातून खडेमिठाचं पोतं आणलं. बेंगळुरूच्या मासेवाल्या दुकानदाराने फोनवर कपाळ बडवलं असावं, कारण भाऊजी ओरडून त्याला समजावत होते, "अहो, मीठ समुद्रातूनच येतं, अल्वा? मग परत समुद्र करायला काय लागतं? पाणी!" समुद्रात मिठाखेरीज आणखी पुष्कळ काही विरघळलेलं असतं, त्यासाठी खास तयार मीठ मिळतं, हे त्यांना पटवायला मला आठवडा लागला. तुम्ही पहिल्यापासून तेच वापरा.

पुढची चूक त्याहून मोठी. टाकी भरल्यावर ती काही आठवडे माशांवाचून नुसती चालवायची असते. माशांच्या घाणीचा निकाल लावणारे सूक्ष्म जंतू वाळूत आणि दगडांत आधी वस्तीला यावे लागतात. दुकानदाराने हे सांगितलं होतं. भाऊजी म्हणाले, "रिकामा मांडव घालायचा आणि वऱ्हाड महिन्याने बोलवायचं? सुम्ने काहीतरी सांगतात." सुम्ने म्हणजे उगीच. त्यांनी पिवळे, निळे, काळेपांढरे, सगळे मासे एकाच दिवशी सोडले. इंदूची खुर्ची समोर मांडली. इंदू म्हणाली, "पिवळा." मग म्हणाली, "निळा." भाऊजींनी पेढे वाटले.

चार दिवसांनी पिवळा मासा तळाशी आडवा पडला. इंदू उठायच्या आत भाऊजींनी तो काढला. तिने रिकाम्या जागेकडे बोट केलं, तेव्हा म्हणाले, "माहेरी गेली ती."

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "भाऊजी, माशाला माहेर कसलं?"

"मग काय सांगू? मेला सांगू?" भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "चार शब्द आलेत, वैनी. एक मासा मेला म्हणून सांगितलं आणि ते चार पण परत आत गेले तर? माहेरी गेलेलं माणूस येतं. त्याचं कुणी दुःख करत नाही."

आठवड्यात सगळी टाकी माहेरी गेली. इंदू रिकाम्या काचेकडे बघत बसे. एकही शब्द नाही. भाऊजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. ते कुणालाही पाणी चाखून काही सांगेनात, तेव्हा मी घाबरले.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचे वडील निळीचं पिंप लावायचे, त्यात कापड कधी बुडवायचे?"

"लगेच कसं बुडवतील? पिंप आधी आंबायला हवं. वास यायला हवा, वर साय धरायला हवी. दहा-पंधरा दिवस तरी. थंडीत जास्त."

"आणि घाईने बुडवलं तर?"

"कापड गेलं."

त्यांनी कुंपणापलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. मग उठून उभे राहिले. "वैनी! हे आधी का नाही सांगितलंत? हे निळीचं पिंप आहे!" मी हेच तर सांगत होते, पण रसायनशास्त्राच्या भाषेत. त्यानंतर महिनाभर भाऊजी रोज सकाळी रिकाम्या टाकीत नाक घालून हुंगत. मी शाळेतल्या सवयीने परीक्षानळीत पाणी तपासत असे. त्यांच्या नाकाने आणि माझ्या नळीने एकाच सकाळी होकार दिला. नाक जिंकलं की नळी, यावर अजून वाद आहे.

या वेळी एकच मासा आणला. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याचं नाव केशरी. ती जगली. इंदूचे शब्द एकेक करून परत येऊ लागले. रंगांपासून सुरुवात झाली, मग "चहा", मग "पंखा", मग भाऊजींकडे बघून "बावळट". भाऊजींनी पुन्हा पेढे वाटले.

यश माणसाला स्वस्थ बसू देत नाही. केशरीला सोबत म्हणून त्यांनी कोळंब्या आणि गोगलगायी आणल्या, आणि त्यांच्यासाठी खास शुद्ध पाणी म्हणून मीठ कालवलं ते वाडवडिलांच्या तांब्याच्या हंड्यात. तांबं आपल्याला पवित्र. कोळंबीला आणि गोगलगायीला ते विष आहे. दुसऱ्या दिवशी केशरी तेवढी फिरत होती, बाकी सगळं सैन्य माहेरी. हंडा आता माझ्याकडे आहे, त्यात मी तुळस लावली आहे.

मग काचेच्या कडेला पांढरी पुटं चढू लागली. उन्हाळा होता, पाणी उडून जात होतं, आणि भाऊजी जेवढं उडेल तेवढं खारं पाणी वरून घालत होते. मी म्हटलं, मापक लावून बघू या. "माझी जीभ आहे ना!" मी तरी लावलं. खारटपणा भलताच चढला होता. रोज थोडंथोडं वाढणारं मीठ जिभेला कळत नाही. पण भाऊजींची चूक आळशी माणसाची नव्हती, ती रंगाऱ्याची होती. पिंपातून कापड काढलं की पाणी जातं आणि रंगही जातो, म्हणून पिंप त्याच ताकदीच्या पाण्याने भरायचं असतं. मी एवढंच म्हटलं, "ऊन फक्त पाणी नेतं, भाऊजी. मीठ इथेच ठेवून जातं." ते रागावून घरी गेले. संध्याकाळी कुंपणावरून आवाज आला, "ऊन चोर आहे, वैनी, पण अर्धवट. उद्यापासून गोडं पाणी घालतो. आयतु." आयतु म्हणजे झालं, विषय संपला.

मग आली आयुधपूजा. म्हैसूरच्या दसऱ्यात त्या दिवशी जो तो आपली हत्यारं, यंत्रं, वाहनं घासूनपुसून पूजतो. आमच्या सासऱ्यांच्या वेळी पिंपं, कढया आणि ठसे पूजले जात. भाऊजींच्या घरात आता उरलेलं एकमेव यंत्र म्हणजे टाकीचं. त्यांनी केशरीला बादलीत ठेवलं. वाळू धुतली, दगड ब्रशने घासले, गाळणीचा बोळा उकळत्या पाण्यातून काढला. लख्ख. काचेला हळदकुंकू, झेंडूची माळ. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात, तशी स्टँडच्या चार पायांखाली चार लिंबं. शेवटी टाकीवरून कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडला. मी त्या दिवशी आमच्या घरच्या पूजेत होते. दुपारी गेले तर टाकी नव्या नवरीसारखी चमकत होती.

"भाऊजी, वाळूसुद्धा धुतलीत?"

"वर्षाचा सण, वैनी. यंत्र खरकटं ठेवायचं?"

महिनाभर आंबवलेलं पिंप त्यांनी एका सकाळीत ओतून दिलं होतं. हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण त्यांचा रंग उतरला. आम्ही दोघांनी पाणी बदललं, जे येत होतं ते सगळं केलं. केशरी दोन दिवस पृष्ठभागाशी धापा टाकत राहिली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

भाऊजींनी इंदूला सांगितलं, दसऱ्याची माहेरी गेली. पण ही परत यायलाच हवी होती. मधल्या काळात त्यांनी टाकी पुन्हा लावली, धीर धरून, रोज हुंगून. मग एक दिवस पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला गेले आणि संध्याकाळी मांडीवर पिशवी धरून परतले. दुकानातले सगळे मासे बघून त्यांनी केशरीच्या मापाची, केशरीच्या छटेची एक निवडली होती. पाणी सावकाश पाण्यात मिसळत तिला सोडलं. मग इंदूची खुर्ची पुढे ओढली.

"बघ, आली माहेराहून. स्वल्प बारीक झाली, अल्वा? माहेरी नीट जेवण घातलेलं दिसत नाही."

इंदू बघत राहिली. मग म्हणाली, "आली." आणि हसली. भाऊजी दूध आणायला म्हणून बाहेर पडले. गेटाबाहेर ते शीळ घालत होते.

मी इंदूजवळ बसले. ती काचेकडे बघत होती. बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होती. मग म्हणाली, "अक्का. ही दुसरी."

मी काचेजवळ वाकून पाहिलं.

"तिचा मधला पट्टा सलग होता. हिचा... ठसा सरकलाय." तिने बोटाने हवेत तो सरकलेला ठसा काढून दाखवला. लहानपणापासून ठसेकाम बघितलेले डोळे ते. आम्हा दोघांना तो फरक दिसलाच नव्हता.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"सगळ्या वेळचं." एकेक शब्द ती उचलून ठेवत होती. "मासा मेला की हे मागे जातात. नळ सोडतात. आणि रडतात. माझी जीभ गेली होती, अक्का. कान नव्हते गेले."

झटका आल्यापासून इतकं बोलणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. गेटाचा आवाज आला, तशी तिने बऱ्या हाताने माझं मनगट धरलं. "सांगू नकोस त्यांना. त्यांना वाटू दे, माहेरी गेली म्हणून."

भाऊजी दूध घेऊन आत आले. "काय चाललंय जावाजावांचं?"

"काही नाही," इंदू म्हणाली. "चहा कर, बावळट."

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. व्हिडिओवर बोलाल तेव्हा तुम्हीही सांगायचं नाही. मासे कसे आहेत ते विचारा, पाणी कसं ठेवायचं ते विचारा. त्यांना फार आवडेल, आणि आता ते सांगतात ते बरोबरही असतं.

टाकी चालू आहे. ठसा सरकलेली केशरी जिवंत आहे, तिच्या जोडीला आणखी एक आहे, दोन गोगलगायी काच चाटत फिरतात. इंदूआजी पूर्ण वाक्यं बोलते. बाबूआजोबा तिच्याशेजारी बसतात.

तुमची,
आजी