एक सोडून एक

"काकू, जिच्या हातचे लाडू तुम्हाले चालतात, ती बाई तुमच्या हळदीकुंकवाले काहून नाही चालत?"

देवश्रीने विचारलं आणि महिला मंडळाच्या बैठकीत बशांचे आवाजसुद्धा थांबले. मागे सतरंजीवर तिच्या मैत्रिणी ओवी आणि रचना एकमेकींना चिमटे काढत होत्या. "विचारून दाखव, तर मानू," असं त्यांनीच म्हटलं होतं. आणि अकरावीत गेल्यापासून देवश्रीला कोणी 'दाखव' म्हटलं की दाखवल्याशिवाय राहवतच नसे.

मंडळाच्या अध्यक्ष अहिल्याकाकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"त्र्यंबकरावांची ना तू? घरी कॉम्प्युटर आला म्हणतात तुमच्या."

"हौ."

"मंग डोकं तिथं चालव. संक्रांतीच्या आमंत्रणाची यादी यंदा तूच काढून दे."

उत्तर नाहीच, वरून काम! देवश्री तोंड उघडणार तोच तिची आई घाईघाईने म्हणाली, "देईल नं, देईल!"

प्रश्न होता पुष्पलता आत्याबद्दल. नवरा गेल्यापासून आत्या देवश्रीच्या घरीच राहायची आणि शाळेत गणित शिकवायची. बालाघाटात तिच्यासारखा गुळाचा पाक कोणाला जमत नसे, म्हणून मंडळाचे सगळे तिळाचे लाडू तीच करायची. मग हळदीकुंकवाच्या दिवशी डबे हॉलवर जायचे आणि आत्या घरी बसून वह्या तपासायची. "गर्दीत मले घाबरते," असं म्हणायची. साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला गर्दीत घाबरतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी काकूंकडून फ्लॉपी आली. मंडळाच्या सगळ्या बायकांची नावं, एकीखाली एक. पुढे दोन रकाने: 'बदली' आणि 'कुंकू'. ज्यांच्या बदलीपुढे 'हो' असेल त्या गाव सोडून गेलेल्या, म्हणून त्यांची ओळ पुसायची. ज्यांच्या कुंकवापुढे 'नाही' असेल त्यांचीही पुसायची. या दुसऱ्या सगळ्या जणी यादीच्या तळाशी एका गठ्ठ्यात होत्या.

"मधात असल्या की चुकून आमंत्रण जाते न," काकूंनी फोनवर समजावलं.

देवश्री नुकतीच मॅक्रो लिहायला शिकली होती. एकदा हुकूम लिहून ठेवायचा की कॉम्प्युटर आपोआप ओळी तपासत जातो. तिने लिहिलं: पहिल्या ओळीपासून सुरू कर, दोनपैकी एकही अट लागू पडली की ओळ पूस, पुढच्या नंबरावर जा. दुसरी अट टाइप करताना तिने कळा इतक्या बडवल्या की बाबा पेपराआडून म्हणाले, "बेटा, कीबोर्डचा काय कसूर?"

"कसूर कोणाचा ते मले माहीत आहे!"

"करून दे गं," मागून आत्या म्हणाली. "दरवर्षीचंच आहे."

देवश्रीने डोळे मिटून बटण दाबलं. उघडले, आणि आधी आत्याचं नाव शोधलं. नव्हतं. बाकी यादी बघायची तिला इच्छाच झाली नाही. तिने रागारागात कागद छापले, ओवी आणि रचनाने गप्पा मारत पाकिटांवर नावं लिहिली, काकूंनी मालिका बघत कार्डांवर सह्या ठोकल्या आणि मंडळाच्या शालिकरामने सायकलवरून पाकिटं वाटली.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे विमलाबाई, नवरा, रेंजरसाहेब, गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या.

"वैनी, मले आमंत्रण आलं! जांभळी साडी काढली मी. घडीवर विरली थोडी, पण पदरात लपते!"

आईच्या हातातला रिसीव्हर खाली ठेवला जातो न जातो तोच फोन परत वाजला. विमलाबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या बाई.

"हे काय चालू आहे तुमचं? विमलले बोलावलं अन् मले नाही? मी काय तिच्यापेक्षा जास्त विधवा आहे?"

तिसरा फोन आलाच नाही. अहिल्याकाकू स्वतःच आल्या, धापा टाकत.

"पोरी, काय करून ठेवलं हे? माझ्या सासूले आमंत्रण गेलं! रुख्माबाई गल्लीभर कार्ड दाखवत फिरून राह्यल्या, 'सुनेनं सही करून बोलावलं' म्हणून! बांगड्यावालीले घरी बोलावलं त्यांनी!"

"मी तर तुमच्याच अटी टाकल्या, काकू!"

"मंग ह्या वाचल्या कशा?"

देवश्रीने यादी उघडली. तळाच्या गठ्ठ्यातली पहिली गेली होती, दुसरी शाबूत. तिसरी गेली, चौथी शाबूत. एक सोडून एक! तिने कपाळावर हात मारला आणि मग खदाखदा हसत सुटली.

"काकू, ओळ पुसली की खालची वर सरकते, त्याच जागेवर. अन् मॅक्रो तर पुढच्या नंबरावर गेलेला असते. सरकलेलीले तो पाहतच नाही! खालून वर गेलं असतं तर कोणी सुटलं नसतं. नाहीतर ह्या मधात मधात बसल्या असत्या, तरी सगळ्या पुसल्या गेल्या असत्या. तुम्हीच त्यांले एकीखाली एक बसवलं!"

"मले नको शिकवू. आमंत्रणं वापस घे."

"घेतो नं. रुख्माआजीपासून सुरू करू?"

काकूंचा चष्मा पुन्हा निघाला, पुसला गेला, लागला.

"राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "ज्यांले गेलं त्यांले गेलं. कॉम्प्युटरची चूक म्हणून सांगू. यंदापुरतं." दारातून वळून म्हणाल्या, "अन् लाडू जरा लवकर पाठवजा."

देवश्रीचं हसू तिथेच विझलं. चुकून राहिलेल्या चालतात, बरोबर पुसलेल्या नाही चालत, आणि लाडू मात्र लवकर पाहिजेत!

ती स्वयंपाकघरात गेली. आत्या लाडू वळत होती.

"विमल जाऊन राह्यली? बरं झालं," आत्या म्हणाली. मग तिचा हात थांबला. गणिताची बाई ती, तिने दारातूनच सगळं ऐकलं होतं. "गठ्ठ्यात पहिली मीच होती न? दुसरी असती तर..."

पुढचं तिने लाडवात दाबून टाकलं.

देवश्री ताडताड कॉम्प्युटरपाशी गेली. थोड्या वेळाने प्रिंटर कुरकुरला. मग ती कोरी पाकिटं काखेत मारून बैठकीत आई-बाबांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलं. दुसरी अट मी काढून टाकली. राह्यलेली आमंत्रणं मी स्वतः वाटून येतो. अन् लाडवाचे डबे हॉलवर आत्याच नेईल, समोरच्या दारातून. आत्या वापस, तर डबेही वापस."

"अगं, पण अहिल्याबाई..." आई उठू लागली.

"त्यांच्याच यादीवरून वाटून राह्यली न मी! फक्त तळाच्या गठ्ठ्यापासून सुरू करीन." तिने वरचं पाकीट काढलं, त्यावर आत्याचं नाव घातलं आणि स्वयंपाकघराकडे वळली. "पहिलं घर हेच आहे."