विजयाबाईंच्या फियाटचे दिवे

बावीस वर्षं मी खडोलीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. भिंतीएवढी पॅनेलं उघडली, वायरींची जंगलं पार केली, पण अंगावर कधी साधी ठिणगी उडवून घेतली नाही. त्यामुळे विजयाबाईंच्या फियाटच्या पुढच्या दोन दिव्यांची होल्डरं आणि वायरी बदलायची वेळ आली, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "बाई, अर्ध्या दिवसाचं काम. चहा गार व्हायच्या आत देतो." अर्धा दिवस गार होत नाही असा चहा कुठला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं असणार. गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेलाय.

विजयाबाई म्हणजे सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. माझी बायको सुनंदा त्यांच्याच हाताखाली शिकवते. शनिवारी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शाल कुठली घ्यायची यावरून शिक्षकांत दोन तट पडले होते. बाईंनी एका वाक्यात दोन्ही तट मोडले. "शाल नको, हार नको. समारंभ झाला की ह्यांच्या गाडीतून घरी जायचंय. एवढंच."

'ह्यांची' गाडी म्हणजे चौसष्ट सालची फियाट. कोकणातून नव्या नोकरीवर बाई सिल्वासात आल्या त्या याच गाडीतून, आणि गाडी चालवायला त्यांचे यजमान प्रकाशराव. सात वर्षांपूर्वी प्रकाशराव गेले. तेव्हापासून गाडी खेरडीच्या घरी ताडपत्रीखाली बसून होती, माहेरी परतलेल्या लेकीसारखी, कुणी विचारलं तरच बोलेन अशी. मेकॅनिकनं इंजिन बोलतं केलं आणि गाडी आमच्याकडे आणून लावली. पण भाषणं संपेपर्यंत अंधार पडणार, आणि खेरडीच्या वाटेवर दिवे कमी, झाडंच जास्त. गाडीला स्वतःचे डोळे हवेतच.

शुक्रवारी सकाळी नरोलीच्या आमच्या सोसायटीत मी गाडीचे दिवे उघडले. आतल्या वायरींचं आवरण हात लावताच पापडासारखं मोडलं. रंग म्हणाल तर सगळ्या एकसारख्या, धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारख्या. तासभर खपून मी एकेक वायर ओळखली. खुणेची टेप नेमकी संपलेली. सुनंदानं भरतकामाच्या डब्यातून दोरे आणले आणि एकेका वायरीला गाठ मारत म्हणाली,

"लाल दोरा उजेडाला,
पिवळा दोरा वळणाला,
हिरवा दोरा भोंग्याला,
जाऊ बाईंच्या गावाला."

"पाठ करा," म्हणाली. "मग विसरायला होत नाही."

मी पाठ केलं. आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, मोटर जळाली म्हणून. वायरी तशाच लोंबकळत ठेवून मी खडोली गाठली.

संध्याकाळी परतलो तर गाडीच्या दोन्ही खोबणींतून दोऱ्यांचे झुबके लटकत होते. लाल, पिवळे, लाल-पिवळे. एका वायरीला तर घुंगरू. समोर उदबत्ती, आणि तिच्याजवळ आमचे वॉचमन नथूकाका, देवळाच्या पुजाऱ्यासारखे गंभीर.

"काका, हे काय?"

"नवस ना साहेब. सकाळी म्हॅडमना दोरा बांधताना पाहिलं. गाणं पण म्हणत होत्या. म्हटलं, बाईंची गाडी चालावी म्हणून दिसतंय. मग मी पण एक बांधला."

"एक?"

"एक मी बांधला. बाकी सोसायटीनं."

वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन गॅलरीतून वाकल्या. "मिलिंदभाई, मी तीन बांधले. माझा मुलगा बाईंच्या हाताखाली दहावी पास झाला. बधुं सारुं थशे, सगळं चांगलं होईल."

ज्या वायरीला हात लावावा तिला कुणाचं तरी बाईंवरचं प्रेम गुंडाळलेलं. सुनंदाचे दोरे त्यात कुठे होते ते सुनंदालाही सांगता येईना. खरं तर मी एकेक वायर पुन्हा तपासायला हवी होती. पण माझ्यातले बावीस वर्षांचे मेंटेनन्सवाले म्हणाले, अरे, सकाळीच भेटलास ना या वायरींना? चेहऱ्यावरून ओळखशील. मी चेहऱ्यावरून ओळखल्या आणि जोडल्या.

मग चाचणी. सुनंदाला आत बसवलं, मी पुढे उभा राहिलो. "लाव," म्हणालो. दिवे लागले! दोन्ही लख्ख, आणि सोबत हॉर्नचा दणदणीत आवाज. मला वाटलं, बायको आनंदानं वाजवतेय. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या कामावर ती एवढी खूश कधी झाली नव्हती. मला भरून आलं. मी हात हलवून "पुरे, पुरे" म्हणालो. तिनं बंद केलं.

शनिवारी भाषणं लांबायची तेवढी लांबली. बाहेर आलो तेव्हा दिवस बुडाला होता. फाटकाशी सगळी शाळा ओळीनं उभी. बाई पुढे माझ्या शेजारी बसल्या, सुनंदा मागे. बाईंनी पदर सारखा केला आणि गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूवरून हलकेच हात फिरवला. मी इंजिन चालू केलं आणि दिव्याचं बटण ओढलं.

काळोख.

पुन्हा ओढलं. पुन्हा काळोख. शाळा टाळ्या वाजवायच्या तयारीत ताटकळलेली. एक कुत्रं आडवं आलं म्हणून मी हॉर्न दाबला, आणि समोर दिवाळी. सोडला, अमावास्या.

मी मान वळवून कुजबुजलो, "काल तू हॉर्न आनंदानं वाजवत होतीस ना?"

"आनंदानं? तुम्ही नीट दिसेनात म्हणून पुढे वाकले, तर कोपर टेकलं हॉर्नवर आणि तेव्हाच दिवे लागले. मला वाटलं, तुम्ही तसंच जोडलंय. नवीन पद्धत असेल."

"मिलिंद," बाई म्हणाल्या, "निघतोय ना आपण?"

"निघतोय बाई. जरा आवाज होईल."

निघालो. हॉर्न दाबून धरला तर रस्ता दिसे, सोडला तर नुसता आवाज नसलेला अंधार. सिल्वासाच्या बाजारातून आम्ही हंबरडा फोडल्यासारखे गेलो. पानवाला चुना लावता लावता थांबला. गॅलऱ्यांत माणसं आली. एकानं खिडकीतून डोकावून ओळखलं, "अरे, बाई! बाई चालल्या घरी!" आणि बाजारात जितक्यांचे म्हणून बाईंनी कान धरलेले होते, तितके सगळे रस्त्यावर आले. कुणी धावत येऊन खिडकीतून त्यांचा हात धरला. कुणी मोटारसायकल काढली. खेरडीच्या फाट्यापर्यंत सात मोटारसायकली झाल्या. त्यातल्या एकाला आमची अडचण कळली. तो पुढे झाला, बाकीचे त्याच्यामागे. सात दिव्यांनी रस्ता धुऊन निघाला. मी सुटकेचा श्वास टाकून हॉर्नवरचा हात काढला. तर ते सातही जण वाजवायला लागले. त्यांना वाटलं, बाईंची मिरवणूक अशीच काढायची असते.

बाई समोर पाहत होत्या. आरशातून सुनंदा माझ्याकडे असं बघत होती की मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. या बाईंनी आयुष्यात मागून मागून काय मागितलं, तर नवऱ्याच्या गाडीतून एकदा घरी जाणं. आणि मी त्याची वरात करून ठेवली.

दारात गाडी थांबली. पोरं नमस्कार करून गेली, आणि खेरडीत एकदम इतकी शांतता झाली की रातकिडेसुद्धा बिचकत सुरू झाले. मी खाली मान घालून म्हणालो, "बाई, चुकलो."

बाई उतरल्या. बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्यांनी कधी हॉर्न वाजवला नाही बघ," त्या म्हणाल्या. "रस्त्यात म्हैस बसली तर उतरून तिची समजूत काढायचे. मी चिडायचे. म्हणायचे, अहो, वाजवा की एकदा, कळू दे लोकांना आपण आलोय ते." त्यांनी बॉनेटवर हलकेच थोपटलं. "आज मी ठरवलं होतं, वाटभर गप्प बसायचं आणि पोटभर रडून घ्यायचं. तू रडायला जागाच ठेवली नाहीस."

त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला. थोडीशी छाती पुन्हा बाहेरही आली.

"उद्या रविवार. दोघं जेवायला या," बाई पायरी चढत म्हणाल्या. "आणि मिलिंद, येताना एखादा इलेक्ट्रिशियन घेऊन ये."