सबनीस सरांचा भुईआवळा

सबनीस सरांना ‘कसे आहात?’ विचारायची आमच्या सोसायटीत कुणाची हिंमत होत नाही. ‘कशाच्या तुलनेत?’ असा उलट प्रश्न येतो, आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली तरी त्याचं स्पष्टीकरण संपत नाही.

सर आमचे बोरीवलीतले शेजारी. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, एवढंच ठाऊक होतं. त्यांची सगळी नोकरी उपनगरातल्या एका फार्मसी कॉलेजात पांढऱ्या उंदरांच्या सहवासात झाली. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना नुसतं पाणी. दुसऱ्यांना यकृत बिघडवणारं रसायन. तिसऱ्यांना आधी आठवडाभर भुईआवळ्याचा अर्क, मग तेच रसायन. तिसऱ्यांचं यकृत दुसऱ्यांपेक्षा बरं निघालं, तर झाड कामाचं. नुसत्या पाण्यावरचे उंदीर म्हणजे कंट्रोल. कंट्रोलशिवाय सरांचा कशावरच विश्वास बसत नाही. एका गणपतीत त्यांनी एक मोदक सारण न भरताच उकडला. तो नेमका माझ्या पानात आला.

गॅलरीतल्या कुंड्यांत मात्र त्यांनी भुईआवळा माजू दिलेला. सेक्रेटरी मेहताभाईंनी एकदा तो हेरला.

“सर, उद्या पार्टी आहे ना. लिव्हरसाठी थोडा रस द्या की. आधी घेऊ का नंतर?”

“आधी. आठवडाभर. आणि पार्टीनंतर तुम्हाला फाडून लिव्हर बघावं लागेल.”

“काय सर, सकाळी सकाळी!”

“त्याशिवाय कळत नाही हो. वाचलेले उंदीरही आम्ही मारतोच.”

मेहताभाईंनी त्या पार्टीत लिंबूसरबत घेतलं म्हणतात.

मागच्या वर्षी माझ्या पत्नीला, शालिनीला, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांनीच तिचं यकृत बिघडलं. डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी गोळ्या थांबवून तिला दाखल करून घेतलं. मी सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“वाटीभर रस द्या.”

“नाही.”

“सर, आयुष्यभर हेच केलंत ना तुम्ही?”

“उंदरांवर केलं. वहिनींना देणार नाही. डॉक्टर सांगतील तेवढंच करा.”

त्यांच्या खांद्यावरून मला गॅलरीतल्या कुंड्या दिसत होत्या. मी परतलो. आठवड्यानं शालिनी गेली. सरांशी मी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले तर मी भिंतीकडे बघत उतरायचो.

तेरावं झाल्यावर एका दुपारी ते स्वतःहून आले. खुर्चीच्या कडेवर बसले. इतके दिवस जे मनात घोळत होतं, तेच मी विचारलं.

“दिला असतात तर वाचली असती?”

“माहीत नाही.”

मग ते खुर्चीत मागे सरकून बसले.

“आमच्या हिला कावीळ झाली, तेव्हा मी दिला होता. घरीच काढायचो, दोन वेळा. त्या नादात हॉस्पिटलात न्यायला उशीर केला. ती रसानं गेली, उशिरामुळे गेली, की जाणारच होती, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तुम्हाला निदान माझ्यावर रागावता आलं.”

 बहिणीनं पाठवलेला जेवणाचा डबा तसाच पडला होता. तो उघडला आणि दोन पानं वाढली.