ठेका, वय दोन सेकंद

रायगोंडा मगदूमाच्या परसातल्या खोलीत एक ठेका अकरा महिने राहत होता, आणि आता तो रेशनकार्डावर नाव लावा म्हणत होता.

ठेका ढोलकीचा नव्हे. ढोलकीचा असता तर रायगोंडानं एवढं मनावर घेतलं नसतं. हा कॉम्प्युटरवर बनवलेला. धुप् धुप् धुप् टिक्, बस्स. दोन सेकंदांत संपायचा आणि परत पहिल्यापासून. रायगोंडाची नात राजमती पुण्याला नोकरीत असताना तो तिच्या हेडफोनात होता. दिवाळीत ती कायमची घरी आली आणि हेडफोन पायाखाली येऊन मोडला. गाणं गेलं, सूर गेले, ठेका तेवढा राहिला. तो परसातल्या खोलीत गेला आणि तिथंच बसला.

ती खोली मोकळी नव्हती. दिसायला मोकळी होती. रायगोंडानं चाळीस वर्षं जॉबरकी केली. यंत्रमागाचं दुखणं आवाजावरून ओळखायचं आणि पाना घेऊन बरं करायचं, हा जॉबरचा धंदा. त्याचा स्वतःचा एक माग त्या खोलीत होता. तो चार वर्षांपूर्वी भंगारात गेला. फरशीतून त्याचे चार बोल्ट अजून वर आले होते आणि रायगोंडा दर शुक्रवारी त्यांना तेल घालायचा. नवा माग बसवायचा आहे, असं तो सांगायचा. घरात कुणी हो म्हणत नव्हतं, नाही म्हणत नव्हतं. पण कार्डावर नाव लागलं की माणसाला राहत्या खोलीतून हलवता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे बोल्ट कायमचे गेले.

त्यात भर म्हणून गल्लीतली माणसं दुपारी ठेका ऐकायला येऊन बसायची. सगळ्यात आधी इलाही मोमीन, रायगोंडा जॉबर होता त्याच कारखान्यात माग चालवलेला.

"काय हाय रं त्यात?" रायगोंडा ओरडायचा. "कडवं न्हाय, शब्द न्हाय, देवाचं नाव न्हाय. एखादा गडी दारात हुबा राहून दिवसभर 'जेवलासा का, जेवलासा का' म्हणाय लागला तर दोन लगावशील त्याला. मग ह्याच्याम्होरं मांडी घालून का बसतोस?"

इलाहीनं डोळे उघडले नाहीत. "गाणं आसलं की म्होरं काय येतंय म्हणून जीव वरखाली होतोय. ह्याचं म्होरलं ठाव हाय. मग निवांत बारीक ऐकाय येतंय."

"काय बारीक?"

"ते मला काय इचारतोस? जॉबर तू."

राजमतीला विचारलं तर ती म्हणाली, "आज्जा, दिवसभर जो तो मला नवीन काहीतरी सांगतोय, नवीन काहीतरी मागतोय. हा काय मागत न्हाय."

"रेशनकार्ड मागतोय की!"

बायको अक्काताई तर फितूरच झाली होती. त्याच्या तालावर थापल्या की भाकरी एकसारख्या होतात, म्हणाली. पन्नास वर्षं रायगोंडानं तिच्या वाकड्या भाकरी मुकाट खाल्ल्या, ते गेलं पाण्यात.

रायगोंडा तिसरीपर्यंत शिकलेला. हरकतीचा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. 'तो तेच तेच बोलतो. जित्ता माणूस तेच तेच बोलत नाही. सबब तो जित्ता नाही. नाव लावू नये.'

सुनावणी पुरवठा कार्यालयात झाली. निरीक्षक कुंभोजकर मॅडमनी आधी ठेक्याचा जबाब घेतला. तो चार पानं झाला. लोहार नावाच्या कारकुनानं तो वाचून दाखवला, ठेक्याला मान्य होता. मग रायगोंडाचा घेतला.

"मगदूम," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आधी म्हणालात, अर्जदार दसऱ्याला आला. मग म्हणालात दिवाळीला. आता म्हणताय तारीख आठवत नाही. अर्जदाराचा जबाब मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक आहे."

"एकच आसणार की बाईसाहेब! त्येचंच तर भांडण हाय!"

"एकच बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवतात, मगदूम. पण तुमचा मुद्दा नियमात बसतो." त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "जिवंत असेल त्याच्याकडून कधी ना कधी फरक होतो. तीन दिवस, दहा ते पाच, ऐकायचं. दर फेऱ्याला रजिस्टरात एक रेघ. शेजारी फरकाचा रकाना. तीन दिवस तो कोरा राहिला तर अर्जदार निर्जीव, खोली तुमची. एकदा जरी फरक पडला तर नाव लागेल."

"ऐकणार कोण?"

"हरकतदार. आमच्याकडे जॉबरचं पद मंजूर नाही."

रायगोंडा खूश होऊन घरी आला. काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं शिव्या देत ऐकलं. लोहार कारकून खोलीत येऊन रेघा ओढत होता. दिवसभरात बारा हजार सहाशे झाल्या. रायगोंडाचं डोकं दुखलं, पण रकाना कोरा होता.

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर त्याला धुप् ऐकू यायचा बंद झाला. धुप् आणि धुप् यांच्या मधली जागा तेवढी ऐकू यायला लागली. तिथं काहीतरी हलत होतं. कापूस उडाल्यासारखं. त्यानं कानात करंगळी घालून खळखळ हलवली. शिव्या द्यायच्या राहून गेल्या आहेत, हे त्याच्या चार वाजता लक्षात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. राहिलेल्या सगळ्या त्यानं पाचच्या आत उरकल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला टिक् उशिरा आला.

केसभर उशीर. लोहाराच्या बापाला कळला नसता. त्यानं आपली रेघ ओढली आणि जांभई दिली. रायगोंडा खाली फरशीकडं बघत बसला. पुढच्या फेऱ्यालाही टिक् केसभर उशिरा. त्याच्या पुढच्यालाही.

जॉबर लोकांत एक रीत आहे. मागाचा आवाज बिघडलेला ऐकला की तिथल्या तिथं खडूनं फुली मारायची, मग माग कुणाचा का असेना, दुष्मनाचा असेना. ऐकून गप्प बसला त्याच्या हातचा पाना कारागीर मागाला लावू देत नाहीत. चाळीस वर्षांत रायगोंडाची एक फुली चुकली नव्हती.

इलाहीनं एक डोळा उघडला. "रायगोंडा."

"गप."

"मी काय बोललोच न्हाय."

"मग बोलू नगंस."

घड्याळात एक तास वीस मिनिटं राहिली होती. एवढं बसलं की खोली त्याची. बोल्ट त्याचे. रायगोंडानं दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले. टिक् उशिरा आला. परत उशिरा आला. रायगोंडाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. हे काय चालवलंय? काम करायचं तर धड करावं. माणूस म्हणून कार्ड पाहिजे आणि चार ठोकं नीट देता येत नाहीत?

तो उठला. सदऱ्याच्या खिशात निळा खडू होता, चार वर्षं तसाच. चार बोल्टांच्या बरोबर मध्ये त्यानं फरशीवर हातभर फुली मारली.

"टिक् उशिरा येतोय!" त्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. "झोपलास व्हय रं? ल्येका, माझ्या हाताखाली आसली ढिलाई चालायची न्हाय!"

लोहारानं वेळ टाकली, फरकाच्या रकान्यात 'टिक् उशिरा' असं लिहिलं आणि खाली हरकतदाराची सही घेतली.

आठ दिवसांनी नाव लागलं. ठेका, वय दोन सेकंद. नात्याच्या रकान्यावर मॅडमचं पेन थांबलं. अक्काताई म्हणाली, मुलगा म्हणून लावा. रायगोंडा तिच्यावर खेकसला आणि म्हणाला, "हाताखालचा, आसं लिव्हा." मॅडमनी लिहिलं.

पहिल्या महिन्याचं धान्य आणायला रायगोंडा ठेक्याला घेऊन दुकानात गेला. दुकानदारानं अंगठ्याचं मशीन पुढं केलं. रायगोंडानं अंगठा दाबला. चाळीस वर्षं सूत ओढून अंगठ्यावर एक रेघ शिल्लक नव्हती.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," मशीन म्हणालं.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा तेच. अकरा वेळा दाबला. मग त्यानं मशीनला कान लावला आणि आणखी तीन वेळा ऐकलं.

"हे मात्र मेल्यालं हाय," तो दुकानदाराला म्हणाला. "इकडचं तिकडं होत न्हाय. ह्येला कार्ड दिऊ नगासा."

"कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा द्या, आण्णा. मागं लाईन आहे."

ठेक्यानं अंगठा दिला. एकदाच. मशीनमधून पावती आली.

"चार वर्षं झगडतोय मी ह्या मशीनशी," रायगोंडा लाईनीकडं वळून म्हणाला, "आणि ह्याचा एका दणक्यात!" लाईनीतल्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यानं गव्हाचं पोतं खांद्यावर मारलं, तांदळाची पिशवी हातात घेतली, आणि दोघं घराकडं निघाले. ठेका पुढं आणि रायगोंडा त्याच्या पाठी. दर चौथ्या पावलाला रायगोंडा पाय उचलून हवेत धरायचा, एक शिवी हासडायचा, टिक् आला की मग खाली टेकायचा.