हेल्गाच्या शेजारची शीट

हेल्गानं मला हात दिला, हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढं तिची कितीही थट्टा केली तरी कुणी गैरसमज करून घेणार नाही.

हेल्गा नॉर्वेची. डॉक्टरकी शिकत होती आणि काही महिने जव्हारच्या आमच्या दवाखान्यात कामाला आली होती. मी तिथं स्वयंपाकाला. गाव माझं लांब, परभणीकडं. शाळा सातवीत सुटली, पुढं नवरा गेला, लेक आईजवळ ठेवली आणि इथं आले.

हेल्गाला मराठीतला एकच शब्द मनापासून आवडला होता : "चालेल?" नाडी धरायच्या आधी "चालेल?", पोराच्या पोटाला हात लावायच्या आधी "चालेल?" पायरीवर बसलेल्या शेळीला ओलांडायचं, तरी शेळीला विचारून. छाती तपासायची नळी थंड लागते म्हणून आधी स्वतःच्या काखेत धरायची, आणि तशीच, एक हात पंखासारखा मिटून, सगळ्या वॉर्डात हिंडायची. एकदा जामसरचा एक म्हातारा पाठीवर गळू घेऊन आला. ही हत्यार धरून उभी. "चालेल?"

"अगं बाय, इचारतेस काय? काप ना! दुखून जीव चाललाय."

हिनं कापलं, साफ केलं, आणि पट्टी लावायच्या आधी परत, "चालेल?" म्हातारा पालथा पडल्या पडल्या हसायला लागला.

शनिवार दुपार झाली की निळी पिशवी घेऊन ही जीपच्या स्टँडवर. तिच्याबरोबरची पोरं गोव्याला जायची. ही दाभोशाच्या धबधब्याला. मग मोखाड्याला. मग परत दाभोशाला. भरल्याशिवाय जीप हलत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक. ड्रायव्हर म्हणाला, "अजून चार शीटं येऊ द्या," की बाकीचे करवादायचे, आणि ही खूश. पहिल्या दिवशी मात्र शेजारणीपासून हातभर जागा सोडून बसली होती म्हणे, मान राखायला. ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, चिकटून बसा! तिथं अख्खा माणूस मावतो."

रविवारी संध्याकाळी भाकरी खायला आली की मी विचारायची, "काय मग, धबधबा कसा हाय?"

"एक आजी होती. मांडीवर कोंबडी. कोंबडी माझ्याकडे बघत होती."

"आन् धबधबा?"

"होता."

हिचं डोकं जरा सरकलंय, असं आम्ही ठरवून टाकलं.

त्याच दिवसांत माझ्या मानेत गाठ आली. पदर गळ्याभोवती घट्ट घेऊन मी भाकऱ्या थापायची. वाईट रोग निघाला तर काम जाईल, आणि लेकीची शाळाही सुटेल, माझ्यासारखी. एका सकाळी हेल्गा चुलीशी आली, माझ्या मानेकडं बघितलं आणि हात पुढं करून म्हणाली, "चालेल?"

"न्हाई चालत," मी म्हणाले.

तिनं हात मागं घेतला. कुणाला सांगितलं नाही. पण रोज भाकरी घेताना विचारायची, मी नाही म्हणायची, आणि ती "बरं" म्हणून भाकरी खायची. शेवटी एक दिवस मीच पदर सोडला. म्हणाले, "चालंल. बघ बाई एकदाची." त्या दिवशी तिचे हात नळीपेक्षा गार होते.

मोठ्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासायला नाशिकला जा म्हणून सांगितलं. मला रडूच फुटलं. हेल्गा म्हणाली, "शनिवारी जाऊ."

"शनिवारी तुम्ही वेरूळला चाललात ना?"

"वेरूळ दगडाचं आहे. थांबेल."

जीपमध्ये आम्ही दोघीच पहिल्या. सगळ्या शीटा मोकळ्या, तरी ही मला खेटून बसलेली. उकडत होतं. मी म्हणाले, "सरका की तिकडं, ऐसपैस हाय."

ती सरकली नाही. म्हणाली, "कांताताई, आमच्याकडे बसमध्ये कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही. उभे राहतात. बाबांकडे गेले तरी मध्ये एक खुर्ची रिकामी. इथे जीपमध्ये ती आजी माझ्या खांद्यावर झोपली. दाभोशापर्यंत. मी हललेच नाही." मग हळूच म्हणाली, "मी धबधबा बघायला जात नाही."

मी डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. जीप कधी भरली, मोखाडा कधी गेलं, कळलं नाही.

गाठ गोळ्यांनी जाणारी निघाली. काम राहिलं, लेकीची शाळाही राहिली. हेल्गा परत गेली. जाताना मला मिठी मारायच्या आधीही विचारलंच तिनं.

मी तर अजून विमान जवळून बघितलेलं नाही. पण लेक शिकून कमावती झाली की तिला सांगणार आहे, मला एकदा नॉर्वेला ने. हेल्गाच्या गावच्या बसमध्ये चढणार, सगळी बस रिकामी असली तरी तिच्याच शेजारी जाऊन बसणार, अगदी चिकटून. आणि आधी विचारणार, "चालेल?"