मांडव थोरल्या गावात

सोनिया आणि माऊलीच्या लग्नाचं सगळं ठरलं होतं. पत्रिका जुळली, साखरपुडा झाला, मानपान नको यावर दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. मांडव कुठं घालायचा?

सोनियाचे वडील बद्रीनाथ शहरात टीव्ही सेंटरजवळ राहत, पण त्यांचं मूळ गाव पिशोरकडचं पिंपरवेल बुद्रुक. माऊलीचे वडील सांडूअण्णा पिंपरवेल खुर्दचे. दोन गावांच्या मधे एक ओढा, आणि ओढ्याहून खोल असा जुना वाद, की थोरलं गाव कोणतं? बैठकीत कुणीतरी "मांडव थोरल्या गावात पडंल" म्हणालं, तेव्हा दोन्ही बापांनी "मंजूर!" म्हणून एकमेकांना टाळी दिली. टाळी वाजून गेल्यावर लक्षात आलं, की जो तो आपल्याच गावाबद्दल बोलत होता.

"बुद्रुक म्हंजेच थोरलं. नावातच हाय," बद्रीनाथ म्हणाले.

"नावाचं काय घिऊन बसलात, इवाई? आमच्यात बँक हाय, हायस्कूल हाय. तुम्हाला दळण टाकायला बी ओढा वलांडून आमच्याकडं यावं लागतं."

"हे सगळं कालपरवाचं. निजामाच्या काळात तुमचं गाव म्हंजे आमचं परसदार व्हतं!"

"मग दाखवा निजामाच्या काळातली खानेसुमारी!"

तोड माऊलीनंच काढली. शहागंजच्या पुढं एका जुन्या वाचनालयात त्या काळच्या खानेसुमारीचे खंड आहेत, असं त्याला कळलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो आणि सोनिया जाऊन बघतील, आणि ज्या गावात माणसं जास्त, त्या गावात मांडव. दोन्ही बापांनी पुन्हा टाळी दिली. या खेपेला जरा जपून.

पण बद्रीनाथांना सुट्टीपर्यंत दम निघेना. बुद्रुकचा आकडा कमी निघाला तर? आधी कळलं तर निदान ऐन वेळी चक्कर तरी आणता येईल. "डोळे तपासून येतो," असं बायकोला, आवडाबाईंना, सांगून गुरुवारी सकाळीच ते वाचनालयात धडकले.

टेबलामागं जहांआरा मॅडम बसल्या होत्या. बद्रीनाथांनी आपल्या समजुतीप्रमाणं हळू आवाजात खानेसुमारीचा खंड मागितला. अभ्यासाला बसलेल्या सगळ्या पोरांनी माना वर केल्या.

"आहिस्ता बोला," मॅडम म्हणाल्या. "वर्षभर त्या खंडाला कुणी विचारत नाही, आणि आज सकाळपासून तुम्ही दुसरे. तिकडं खिडकीपाशी एक साहेब घेऊन बसलेत."

खिडकीपाशी एक उघडं वर्तमानपत्र होतं. वर्तमानपत्राच्या वर पांढरी टोपी होती, आणि वर्तमानपत्र उलटं होतं.

"इवाई?" बद्रीनाथ म्हणाले.

वर्तमानपत्र खाली आलं. सांडूअण्णा खुर्चीवर नेहमीपेक्षा चांगले चार बोटं उंच दिसत होते.

"अरे! तुम्ही इथं कसं काय?"

"मी... डोळे तपासायला आलतो."

"वाचनालयात?"

"वाचता येतं का ते बघावं म्हणलं. आन तुम्ही?"

"कांदा घिऊन लासूर स्टेशनला निघालो व्हतो."

"मग?"

"रस्ता चुकला."

बद्रीनाथांनी समोरची खुर्ची ओढली. आता उठेल तो हरेल, हे दोघांनाही कळलं होतं. सांडूअण्णांनी चहाला चला म्हणून बघितलं, बद्रीनाथांना चहा वर्ज्य निघाला. बद्रीनाथांनी त्यांना बाहेर गाडीवर जांब लई गोड असल्याचं सांगितलं. सांडूअण्णांनी जांब जन्मात खाल्ला नव्हता. तेवढ्यात त्यांनी बूड जरा सावरलं आणि खालून 'कर्र' असा आवाज आला.

जहांआरा मॅडम ताडकन उठून आल्या. "साहब, उठिए! वो किताब निजाम के जमाने से जिंदा है, आपके नीचे दम तोड़ देगी!"

सांडूअण्णा उठले मात्र, बद्रीनाथांनी खंडावर झडप घातली. दुसरं टोक सांडूअण्णांनी धरलं. नेमका त्याच वेळी बद्रीनाथांचा फोन वाजला, आणि एका हातानं खंड न सोडता त्यांनी तो दुसऱ्या हातानं कानाला लावला.

"अहो, झाले का डोळे तपासून?" आवडाबाई विचारत होत्या.

"चाललंय... डॉक्टर बघतायत..."

"सोडा! फाडू नका!" मॅडम कडाडल्या. "आधीच नाजूक झालंय, आता हातात येईल!"

"अगं बाई! काय फाडतायत? काय हातात येईल? अहो, त्यांना म्हणावं थांबा! मी आले!"

सांडूअण्णांना विहीणबाईंची दया आली. त्यांनी फोन ओढून घेतला. "ताई, घाबरू नका. डोळ्याला काय बी झालं नाय. आम्ही दोघं बी शहागंजच्या वाचनालयात हाव."

हे ऐकून आवडाबाई जास्तच घाबरल्या. दोन व्याही भांडताना त्यांनी पुष्कळदा पाहिले होते, पण दोघं मिळून वाचतायत हे त्यांना काही बरं लक्षण वाटलं नाही.

इकडं जहांआरा मॅडमनी खंड काढून घेतला आणि दोघांना शाळेतल्या पोरांसारखं आपल्या टेबलासमोर बसवलं. "आता मीच वाचते. हात मांडीवर. कोणतं गाव?"

"पिंपरवेल," दोघं एकदम म्हणाले.

मॅडमनी पानं उलटली. त्यांचं बोट ओळींवरून सरकत खाली आलं. सांडूअण्णा मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले.

"पिंपरवेल बुद्रुक..." मॅडम थांबल्या. "बेचिराग."

"म्हंजे?"

"दिवा लावायला माणूस नाही. वस्ती शून्य."

बद्रीनाथांचा चेहरा पडला. सांडूअण्णा हसले आणि हसता हसता खोकले. "शून्य! इवाई, माणसाबिगर गाव थोरलं कसं व्हतं हो?"

"पिंपरवेल खुर्द," मॅडमनी पुढची ओळ वाचली. "बेचिराग."

आता बद्रीनाथांना खोकला आला. मग मात्र दोघंही एकदम गंभीर झाले. दोन्ही गावांत माणूसच नव्हता, तर आपले आजे-पणजे आले कुठून? सांडूअण्णांनी स्वतःच्या हाताला हळूच चिमटा काढून बघितला.

"ठहरिए," मॅडमनी चष्मा वर केला. "समासात कुण्या कारकुनानं उर्दूत काहीतरी लिहिलंय. त्या काळी गणती एकाच रात्रीत व्हायची. माणूस जिथं झोपला, तिथं मोजला. यात लिहिलंय, की दोन्ही गावांचे तमाम लोक, लेकराबाळांसकट, हिवरदरीला पाटलाच्या लेकीच्या शादीला गेले होते. हे बघा, हिवरदरी. या पानावरचं सगळ्यात मोठं गाव."

"हिवरदरी?" दारातून आवाज आला. रिक्षावाल्याला पळवत आलेल्या आवडाबाई धापा टाकत उभ्या होत्या. नवऱ्याचे दोन्ही डोळे जागेवर आहेत हे पाहून त्यांनी पदरानं घाम पुसला. "हिवरदरी तर माझं माहेर! काय झालं तिथं?"

मॅडमनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. आवडाबाईंनी ते उभ्यानंच ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून त्या निवांत बसल्या.

"थोरल्या गावात मांडव, असंच ठरलंय न्हवं?"

"अगं, आज तिथं उंबरे किती उरलेत? तीस-चाळीस?" बद्रीनाथ चाचरले.

सांडूअण्णाही धावले. "ताई, ते गाव एका रातीपुरतं मोठं झालतं."

"मग लग्न तरी किती रातीचं असतं, अण्णा?"

अभ्यासाच्या पोरांतून टाळ्या पडल्या. जहांआरा मॅडमनीही या खेपेला कुणाला आहिस्ता म्हटलं नाही.

वैशाखात हिवरदरीत मांडव पडला. आवडाबाईंचे भाऊ राजेंद्र यांनी सगळा कारभार अंगावर घेतला आणि दोन्ही बापांना गादीवर बसवून बजावलं, "तुम्ही पाव्हणे. कशाला हात लावायचा नाय." ज्यांनी यजमानपणासाठी एवढा जीव काढला, ते दोघं सकाळपासून सुपारी कातरत बसले. शेवटी बसवेना, तेव्हा लघवीचं निमित्त काढून दोघं मांडवामागं आचाऱ्याकडं गेले आणि काहीतरी काम दे म्हणून त्याच्या विनवण्या करू लागले. त्यानं कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग पुढं ढकलला.

मग काय विचारता! दोघांच्या गप्पा रंगल्या. खुर्दची कोथिंबीर वासाची की बुद्रुकची, यावर असा काही वाद जुंपला, की मंगलाष्टकांचा आवाजही कानांवर आला नाही. भोंगा ओरडला तेव्हा ते हातातल्या कोथिंबिरीसकट उठले.

"नवरीचे वडील आणि नवरदेवाचे वडील जिथं असतील तिथून मांडवात यावं! शेवटचं मंगलाष्टक चालू आहे!"

दोघं एकमेकांचा हात धरून पळाले. गर्दीत घुसले, टाचा उंचावल्या, तोच "सावधान" झालं, आणि हातात अक्षताच नाहीत असं दिसल्यावर दोघांनी होती ती कोथिंबीर मुठी भरभरून उधळली. माऊलीचा फेटा हिरवागार झाला. सोनियानं मुंडावळ्यांतली काडी काढली, वास घेतला, आणि भर मांडवात खळखळून हसली.